विरळणी

बी.एड.ला शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात फ्रोबेलवर हमखास एक प्रश्न असायचा. मूल म्हणजे रोप, शाळा म्हणजे बाग आणि शिक्षक म्हणजे माळी. एवढं लिहायचं, त्याने 1837 मध्ये जर्मनीत ब्लांकेनबुर्गला काढलेल्या शाळेचा उल्लेख करायचा, 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' असं नाव दिलं हे सांगायचं, की दहापैकी सात गुण खिशात. मीही लिहिलं. पुढे उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली, पालकांच्या सभेत हेच वाक्य उर्दूत बोलून टाळ्या घेतल्या. माळ्याचं पहिलं काम उपटण्याचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी आयुष्यात कधी साधं मेथीचं बीसुद्धा पेरलेलं नव्हतं.

2023 च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतून तो सालनातून आधी गायब झाला, मग बोलण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात नारायणगावच्या बाजारात शेतकऱ्याला किलोमागे दोन-तीन रुपयेही धड मिळत नव्हते आणि दोन महिन्यांत वीस किलोचं क्रेट दोन हजारांवर पोचलं. पाचवीच्या वर्गात मी गणिताला हाच विषय घेतला. मुलांना गणितापेक्षा टोमॅटोत जास्त रस वाटला. शाळांनी परसबाग करावी असं वरून सांगणं होतंच. इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत मातीची एक पट्टी मोकळी होती, बारा फूट लांब आणि दोन फूट रुंद. बाकी सगळं पेव्हर ब्लॉकखाली.

माझे भाईजान चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. त्यांच्या लाइनीवर जुन्नर तालुक्यातला एक जण आहे, त्याच्या घरी टोमॅटो असतो. त्याने बी दिलं आणि रोपवाटिकेत वापरतात तसला कप्प्याकप्प्यांचा ट्रेही दिला. वर्गातल्या प्रत्येकाने एका कप्प्यात एक बी टोचलं आणि शेजारी आइस्क्रीमची काडी रोवून तिच्यावर आपलं नाव लिहिलं. आठव्या दिवशी मान वर आली. 39 मुलांची 39 रोपं. चार आठवड्यांनी ती पट्टीत लावायची वेळ आली तेव्हा भाईजानांच्या मित्राचा निरोप आला, 'ताईंना सांगा, दोन रोपांत दीड फूट तरी सोडा, हवा खेळली पाहिजे.' बारा फुटांत दीड-दीड फूट म्हणजे आठ रोपं. आठ! आणि माझ्यासमोर 39 मुलं, हातात 39 काड्या.

मी काय केलं असेल ते शिक्षकांना सांगायला नको. सगळी लावली. तेरा-तेराच्या तीन ओळी, ओळींत जेमतेम वीतभर अंतर. एका मुलाने तर समर्थनही दिलं, 'टीचर, नमाज में तो बीच में जगह नहीं छोड़ते.' मला ते फार आवडलं. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, सफेत फट दिसली की मागच्याने पुढे होऊन ती भरायची, अमीर-गरीब एका ओळीत. तीन ओळी रोपांच्या, तीन सफा. ऑगस्टमध्ये पट्टी अशी हिरवीगार झाली की पाहणीला आलेल्या साहेबांनी तिच्यासमोर फोटो काढून घेतला.

सप्टेंबरच्या झडीत खालची पानं डागाळली. डागांभोवती पिवळं, मग काळं, मग खोड. करपा. त्याचं सारं तंत्र ओल्या पानावर चालतं. पाऊस पडून गेल्यावर पान वाळायला जेवढे तास लागतात तेवढे त्याचे. रोपं अंतरावर असतील तर वारा मधून जातो, पान लवकर सुकतं. दाटीत वारा शिरत नाही आणि एकाचं पान दुसऱ्याच्या अंगाला लागूनच असतं. वरून दिसणारं गर्द हिरवंपणही फसवं होतं. उजेडासाठी प्रत्येक रोप दुसऱ्याच्या वर मान काढत होतं म्हणून उंच झालं होतं, खोडं मात्र काडीसारखी. त्या 39 रोपांनी मिळून आम्हाला पावणेदोन किलो टोमॅटो दिले. कुणाच्याही काडीवरचं नाव वाचता येत नव्हतं.

माणसं उभी राहतात ती दहा मिनिटं, नमाज झाली की पांगतात. रोप जिथे उभं राहिलं तिथेच त्याला खायचं, प्यायचं, वाढायचं असतं. दोन्हीकडे ओळच असते म्हणून मी एकीचा नियम दुसरीला लावला. चूक मुलाची नव्हती, त्याला दाद देणाऱ्या माझी होती.

पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, मी पक्कं ठरवून आले होते. आठ म्हणजे आठ. या वेळी नवा वर्ग, 36 रोपं. फळ्यावर लिहिलं, 'जी रोपं सर्वांत मजबूत, ती लावायची.' मुलांना पटलं. ट्रे मधोमध ठेवून आम्ही आठ जाडजूड बुटकी रोपं निवडली आणि काड्यांवरची नावं वाचली. आठपैकी सात मुलगे निघाले. मुलगे ओरडले, मुली गप्प झाल्या. एक मुलगी मात्र गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, 'टीचर, ट्रे तो हमेशा ऐसाइच रखा था ना, खिड़की के पास?'

तिचं बरोबर होतं. मी कप्पे हजेरीच्या क्रमाने दिले होते. आमच्या हजेरीपटात आधी मुलगे, मग मुली. ट्रे महिनाभर खिडकीत एकाच बाजूने राहिला. खिडकीकडच्या कप्प्यांना ऊन, आतल्या बाजूला सावली. सावलीतलं रोप उजेड शोधत लांबतं आणि लुकडं दिसतं. बियाण्यात काही फरक नव्हता, एकाच पुडीतलं बी. ट्रे रोज फिरवून ठेवायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आणि त्या अज्ञानावर मी 'मजबूत' असा शिक्का मारून निकाल लावायला निघाले होते.

हे मी दर वर्षी करते हे त्या क्षणी लक्षात आलं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासाला मी दहा-बारा मुलं निवडते. कायदा सांगतो की प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असावा. आमच्या वर्गांनी तो आकडा कधी पाळला, कधी ओलांडला. जादा तास एक, मी एकटी, म्हणून निवडक मुलं. निवडताना मी काय बघते? वही नीट, उत्तर चटकन, शब्द स्वच्छ. म्हणजे ज्याच्या घरी बसायला कोपरा आहे, आई शिकलेली आहे, तो. खिडकीकडचा कप्पा.

मग त्या मुलीने दुसरा प्रश्न विचारला आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. उरलेल्या अठ्ठावीस रोपांकडे बोट दाखवून ती म्हणाली, 'इनकी क्या गलती?'

विरळणी हा शेतीतला रोजचा शब्द आहे. दाट उगवलेल्या रोपांतली काही उपटून बाकीच्यांना जागा करून द्यायची. कुणी शेतकरी त्यावर रात्रभर जागत नाही, जागूही नये. रोपाला हक्क नसतो, आशा नसते, उपटल्याचं दुःख नसतं. गाजर-मुळ्याचं उपटलेलं रोप टाकूनच द्यावं लागतं. पण टोमॅटो हे तसं झाड नाही. त्याच्या खोडावर जिथे माती लागेल तिथे नवी मुळं फुटतात. लांबलेलं लुकडं रोप वरची चार पानं ठेवून खोलवर पुरलं, तर तेच लांब खोड मुळांनी भरून जातं आणि दोन-तीन आठवड्यांत ते खिडकीकडच्या भावंडांच्या बरोबरीला येतं. हे त्या नारायणगावकडच्या मित्राने फोनवर सांगितलं तेव्हा मुलांनी स्पीकरवरच टाळ्या वाजवल्या. म्हणजे उपटणं भागच असलं तरी फेकणं भाग नव्हतं. प्रश्न फक्त जागेचा उरला.

आणि जागा, मुलांच्या भाषेत, 'किसने बोला इतनीच है?'

त्यांनी फूटपट्टीने मोजलं. पट्टी चोवीस चौरस फूट. तिच्याशेजारी पेव्हर ब्लॉकवर शिक्षकांच्या गाड्या उभ्या, ती जागा एकशे दहा चौरस फूट. त्यात एक स्कूटी माझी. गेलं वर्षभर मी जागा नाही म्हणून हळहळत होते आणि रोज सकाळी माझी गाडी तिथेच लावत होते. करपा या रोगाचं एक मोठं प्रकरण मी वर्गात सांगितलं होतं. 1845 पासून आयर्लंडात याच उशिराच्या करप्याने बटाटा नासला आणि काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगांनी मेली. मुलांना मी हेही सांगितलं होतं की त्याच वर्षांत आयर्लंडातून धान्याची जहाजं बाहेर जात होती. बटाटा बुरशीने खाल्ला, उपास मात्र माणसांनी ठरवले. सांगताना मला वाटत होतं की ही दूरच्या देशातली गोष्ट आहे.

मुख्याध्यापकांनी पेव्हर ब्लॉक काढायला नकार दिला, तो योग्यच होता. पण दोन गाड्यांची जागा कुंड्यांसाठी सोडायला ते तयार झाले. कुंड्या कुठल्या? भाईजानांनी रंगाच्या वीस लिटरच्या अकरा रिकाम्या बादल्या आणल्या, तळाला गरम सळईने भोकं पाडली. एका बादलीत एकच रोप, त्याहून जास्त नाही, यावर ते अडून बसले. आठ पट्टीत, अकरा बादल्यांत. तेरा मुलांनी आपापलं रोप तेलाच्या डब्यात, दुधाच्या पिशवीत घालून घरी नेलं. चार मी ट्रेमध्येच राखून ठेवली, नांग्या भरायला.

हलवायची वेळही पाळली. रोप हलवायचं ते उन्हं उतरल्यावर, मुळांभोवतीची माती न सांडता, लगेच पाणी देऊन. दुपारी बाराला उपटून उघड्या मुळांनी नेलं तर चांगली जागा मिळूनही ते बसतंच असं नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि शेड पाडली गेली, त्यानंतर वर्गात एकामागून एक बाक रिकामे झाले. शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा न्यायला कुणी आलं नाही. वार्षिक परीक्षा दीड महिन्यावर होती. बांधकामं कायद्यात बसत होती की नव्हती याची चर्चा पुष्कळ झाली. कुठल्या वेळी आणि कशा पद्धतीने हलवलं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

बादल्यांना भोकं पाडताना मी भाईजानांना वर्गात घडलेलं सगळं सांगितलं. विरळणी, खिडकी, त्या मुलीचा प्रश्न. त्यांनी सळई पुन्हा शेगडीवर ठेवली आणि म्हणाले, 'हमारे घर में भी हुई थी ना विरळणी.'

ही गोष्ट आमच्या घरी वेगळ्या शब्दांत सांगितली जाते. भाईजान दहावी झाले त्या वर्षी अब्बांची कंपनी बंद पडली. मी तेव्हा आठवीत. घरात पाच तोंडं. भाईजान भोसरीला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. मी शिकत राहिले, बारावी, बी.ए., बी.एड. अम्मी पाहुण्यांना सांगते, 'बड़े ने कुर्बानी दी, तब जाके छोटी टीचर बनी.' मीही हेच सांगत आले, स्टाफरूममध्ये, एकदा तर व्यासपीठावरूनही. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, विशेषतः मुलीसाठी मुलाने सोडलं म्हणून. आमच्या समाजात उलटंच जास्त घडतं, त्यामुळे या गोष्टीला मान होता.

मी म्हणाले, 'तुम ने तो खुद छोड़ा था ना, भाई?'

'मेरे को पूछा किसने?' ते म्हणाले. रागाने नाही. सळई लाल झाली की नाही ते बघत होते.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. त्यांचे दहावीचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते, हे मला माहीत होतं, कधी आठवलं नव्हतं. अब्बांनी दुष्टपणा केला असं नाही, पगार कुणीतरी आणायलाच हवा होता. त्या वर्षी घराचा वाफा खरोखरच दोन फुटांचा होता. पण अब्बा त्या संध्याकाळी भाईजानांना समोर बसवून म्हणाले असते, की बेटा, असं असं आहे, तुला काय वाटतं, तर भाईजानांनी कदाचित तेच केलं असतं. तेव्हा ती कुर्बानी झाली असती. न विचारता ज्याच्याकडून घेतलं, त्याच्या नावावर कुर्बानी लिहिता येत नाही. कुर्बानीला नीयत लागते आणि नीयत दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. बकरीदला आपण ज्यांची आठवण करतो त्या हजरत इब्राहीमांनीसुद्धा स्वप्न पडल्यावर आधी मुलाला सांगितलं, त्याचं मत विचारलं. हुकूम वरून आलेला होता, तरी विचारलं. एवढी गोष्ट दर वर्षी ऐकून आमच्या घरांतून विचारण्याची रीत पडली नाही.

मग माझं काय? मी ते आठवं रोप. ज्याला जागा मिळाली त्याने मागितली नव्हती, त्यामुळे त्याचा गुन्हाही नाही, असं मी स्वतःला सांगू शकते आणि ते खोटं नाही. पण वीस वर्षं मी 'कुर्बानी' हा शब्द वापरला तो भाईजानांच्या मोठेपणासाठी नव्हे, माझ्या झोपेसाठी. त्या शब्दाने हिशेब मिटतो. देणारा संत होतो, घेणारा कृतज्ञ होतो आणि वाफा दोन फुटांचाच का होता हे कुणाला विचारावं लागत नाही. अब्बांची थकबाकी कितीतरी वर्षं अडकून पडली होती. ती वेळेवर मिळाली असती, तर कदाचित कुणालाच हलावं लागलं नसतं.

मी बारावीच्या सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती काढली. बाहेरून परीक्षेला बसता येतं, वयाची अडचण नाही, ते चाळिशीच्या आत आहेत. एका रविवारी त्यांच्या खोलीवर नाणेकरवाडीला गेले आणि मोबाइलवर दाखवलं. त्यांनी नीट वाचलं. मग विचारलं, 'मास्टरनी, वो चार रोप कायको रखे थे?'

'नांग्या भरायला.'

'कितने दिन में भरते?'

लागवडीनंतर आठ-दहा दिवसांत. हे मी त्यांनाच विचारून वर्गात सांगितलं होतं. त्यानंतर भरलेलं रोप जगतं, पण शेजारची पुढे गेलेली असतात, ते त्यांच्या सावलीत राहतं. मी काही बोलले नाही. भाभीने चहा आणला. निघताना ते एवढंच म्हणाले की फॉर्म त्यांच्या मोठ्या मुलाला समजावून सांग, त्याला सायन्स घ्यायचं की आयटीआयला जायचं हे त्याच्याशी बोल. 'मेरे से मत पूछ, उसको पूछ.'

माझ्या मनात अजून आहे की ते फॉर्म भरतील. माणूस टोमॅटो नाही, सावलीतून सरकायला त्याला पाय आहेत, असा माझा युक्तिवाद आहे. पण तो त्यांनी मान्य करावा असा आग्रह धरायचा मला कितपत अधिकार आहे, ते मला ठरवता आलेलं नाही.

2024 च्या त्या एकोणीस रोपांना बांबू लावून सुतळीने बांधलं, बगलफूट खुडली, खालची पानं काढली. करपा आलाच, पण एका रोपावरून दुसऱ्यावर जायला त्याला वेळ लागला, तेवढ्यात आम्ही रोगट पानं तोडली. शहरात 2019 च्या नोव्हेंबरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हापासून शाळेतही पाण्याचा भरवसा नसतो. दुपारच्या खिचडीआधी मुलं हात धुतात ते पाणी बादलीत साठवून झाडांना घालत होतो. तरी पाण्यात खंड पडला की काही फळं तळाशी काळी पडायची, काही तडकायची. चांगली किती निघाली ते वर्गाने वहीत लिहिलं आहे, सव्वीस किलो आणि वर काही ग्रॅम. खिचडीत पडली, उरलेली घरी गेली. घरी नेलेल्या तेरापैकी पाच रोपं जगली. त्यांतलं एक त्या मुलीचं. तिच्या आईने ते तेलाच्या डब्यात दारात ठेवलं होतं. डबा रोज फिरवते, असं तिने मला आवर्जून सांगितलं.

जादा तासाची यादी यंदा मी अजून लावलेली नाही. वर्गाला आधी विचारलं, कुणाला बसायचं आहे. चौतीस हात वर आले. वेळ एक तास, बाकं अकरा. मुख्याध्यापकांना दुसरा वर्ग उघडून मागितला आहे, शेजारच्या शिक्षिकेला विचारलं आहे, ती दोन दिवस देईन म्हणाली. तरी चौतीस बसत नाहीत. सोमवारी काहीतरी ठरवावं लागेल.